आगाऊ भरलेले ताट आणि मुलाची भूक

मनोरंजन उद्यानात मुलांना खाऊ घालण्याचे दोन मार्ग असतात. भूक लागेल तेव्हा खिडकीवर जाऊन पैसे देऊन घेणे हा एक. तिकीट काढतानाच जेवणाचेही पैसे भरून ठेवणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गाला बोलीत ‘जेवणासह पॅकेज’ म्हणतात. त्यात नाश्ता, दुपारचे जेवण आणि संध्याकाळचा चहा-खाऊ अशी वाटणी असते, आणि ती कूपनावर किंवा मनगटावरच्या बँडवर नोंदवलेली असते. काही ठिकाणी ताटाऐवजी रक्कमच कार्डात भरून घेतात आणि दिवसभर ती खर्चायची असते. पाण्याच्या उद्यानात ही सोय उपयोगी पडते, कारण पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतो आणि ओल्या हातात नोटा टिकत नाहीत. शाळेच्या सहलीत तर याशिवाय पर्यायच नसतो. माणशी वर्गणीत बस, प्रवेश आणि खाणे एकत्र धरलेले असते.

ही पद्धत सोयीची आहे, पण ती मोठ्या माणसाच्या जेवणावर बेतलेली आहे. ‘एक वेळचे जेवण’ हे तिचे माप. मुलाची भूक या मापात बसत नाही.

भाईंदर पूर्वेच्या खारी गावातून पाहिले तर हा प्रश्न तीन अंतरांवर उभा दिसतो. मीरा-भाईंदरची नगरपालिका 1985 मध्ये आणि महानगरपालिका 2002 मध्ये झाली. आगरी वस्ती, मिठागरे आणि शेते यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि उन्हाळी सुट्टीत मुलांना कुठे न्यायचे हा शहरी प्रश्नही त्यांच्याबरोबर आला. पहिले अंतर गोराईचे. भाईंदर पश्चिमेला जाऊन राई, मुर्धा, उत्तन करत गोराईला पोहोचता येते. तिथे 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड आणि 1998 मध्ये वॉटर किंगडम सुरू झाले. मुंबईहून येणाऱ्यांना खाडी ओलांडून होडीने यावे लागे, भाईंदरकरांना मात्र जमिनीवरचा रस्ता होता. दुसरे अंतर घोडबंदर रस्त्याचे, ठाण्याच्या बाजूला सूरज वॉटर पार्क आणि टिकुजीनी वाडीपर्यंतचे. तिसरे सर्वांत लांबचे: 2013 मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर सुरू झालेले इमॅजिका.

अंतर बदलले की जेवणाचा प्रश्नही बदलतो. गोराईला जाताना मूल घरून पोटभर नाश्ता करून निघू शकते आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतते. खोपोलीला जायचे तर पहाटे उठावे लागते. इतक्या लवकर मुलाला भूक नसते, आणि बसमध्ये खाल्लेले पोटात राहील याचा भरवसा नसतो. मग दिवसाचे जवळजवळ सगळे खाणे फाटकाच्या आत होते. एकच योजना दोन्ही दिवसांना लावली तर गोराईला तिच्यातला नाश्ता वाया जातो आणि खोपोलीला संध्याकाळचे कमी पडते. म्हणून पॅकेज घ्यायचे की नाही याचे उत्तर उद्यानाच्या जाहिरातीत शोधून सापडत नाही. ते घर आणि फाटक यांच्यातल्या अंतरात असते.

उद्याने अशी योजना का आखतात हे समजून घेण्यासाठी थोडे अर्थशास्त्र लागते. वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने 1971 मध्ये डिस्नेलँडचे उदाहरण घेऊन एक प्रसिद्ध निबंध लिहिला. फाटकावरच सगळे पैसे घ्यावेत की आतल्या प्रत्येक पाळण्याचे वेगळे घ्यावेत, असा त्याचा प्रश्न होता. 1955 मध्ये सुरू झालेल्या डिस्नेलँडमध्ये त्या वेळी कूपनांची पुस्तके विकली जात, आणि चांगल्या पाळण्याला वरच्या वर्गाचे कूपन लागे. 1982 मध्ये ती पुस्तके बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळे पाळणे खुले झाले. त्यामागचा हिशेब सरळ आहे. पाळणा फिरतच असतो. त्यात आणखी एक मूल बसले तर उद्यानाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून पाळणे ‘हवे तितके’ देता येतात.

अन्नाचे तसे नाही. प्रत्येक जादा पुरीला पीठ, तेल आणि हात लागतात. त्यामुळे ज्या तिकिटात पाळणे अमर्याद असतात त्याच तिकिटातले जेवण मोजून दिले जाते, आणि मोजायचे म्हणजे एकक ठरवावे लागते. एक कूपन, एक ताट. अमर्याद बुफे ठेवला तरी त्याची वेळ ठरलेली असते आणि प्रवेश एकदाच मिळतो. मुलाला उद्यानात एकाच दिवशी दोन नियम भेटतात. पाळण्यावर कितीही वेळा बसता येते, पण खायला एकदाच, ठरल्या वेळी आणि ठरले तेवढेच मिळते. लहान मुलाच्या दृष्टीने याच्या उलट असायला हवे होते.

मोजून दिलेल्या जेवणाची रीत मराठी माणसाला नवी नाही. पुण्या-मुंबईच्या खानावळींत विद्यार्थी आणि नोकरदार महिन्याचे पैसे आगाऊ भरून जेवत आले आहेत. पण त्या व्यवहारात एक शब्द होता: खाडा. गावी जायचे असेल किंवा ताप आला असेल तर आधी सांगायचे, खाडा धरला जायचा आणि तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते व्हायचे. खाड्याचे नियम खानावळीगणिक वेगळे होते आणि त्यावरून भांडणेही होत, पण न खाल्लेल्या जेवणावर जेवणाऱ्याचा काही हक्क उरतो हे तत्त्व दोन्ही बाजूंना मान्य होते. उद्यानाच्या पॅकेजमध्ये खाडा नसतो. न वापरलेले कूपन संध्याकाळी फाटक बंद होताना संपते. फ्लॉरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची जेवण-योजना जगात सर्वांत प्रसिद्ध आहे. तिथेही न वापरलेले जेवण मुक्काम संपण्याच्या दिवशी मध्यरात्री बाद होते. एक फरक मात्र नोंदवण्याजोगा आहे. तिथे मुक्कामातली सगळी जेवणे आणि किरकोळ खाणी सुरुवातीलाच एकत्र खात्यावर जमा होतात, आणि कोणत्या दिवशी किती वापरायची हे कुटुंब ठरवते. एका दिवसाच्या तिकिटात ही लवचिकता येऊ शकत नाही, असे म्हणायला आधार नाही. दुपारच्या एका ताटाचे दोन छोट्या खाण्यांत रूपांतर करून देणे एका दिवसातही जमते.

मुंबईच्या गिरणगावात पैशांची दिशा उलट होती. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया महिनाभर आधी खाऊ घालत आणि पगार झाल्यावर पैसे घेत. मधल्या महिन्याचा भार त्यांच्यावर पडे आणि त्यासाठी त्या सावकाराकडे जात. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळावे आणि सावकाराचा विळखा सुटावा, हे त्यामागचे कारण होते. जेवण आणि पैसे यांच्यामध्ये काळ असला की तो कुणाला तरी सोसावा लागतो, हे त्या इतिहासातून दिसते. गिरणगावात तो रांधणारीने सोसला. उद्यानाच्या पॅकेजमध्ये तो खाणारा सोसतो, आणि तोही भूक लागण्याआधी. भूक कशी आणि केव्हा लागेल याची जोखीम पूर्णपणे कुटुंबावर येते. उद्यानाकडे पैसे आधीच आलेले असतात.

आता मुलाच्या भुकेकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींनुसार 4 ते 6 वर्षांच्या मुलाला दिवसाला 1360 किलोकॅलरी ऊर्जा लागते आणि 7 ते 9 वर्षांच्या मुलाला 1700. 10 ते 12 वर्षांच्या मुलीला 2060 आणि मुलाला 2220 लागते. याच शिफारशींत बैठे काम करणाऱ्या प्रौढ बाईसाठी 1660 आणि पुरुषासाठी 2110 हे आकडे आहेत. आठ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज बैठ्या कामातल्या बाईच्या गरजेपेक्षा थोडी जास्तच भरते. ‘लहान मूल, म्हणून अर्धे ताट’ हा हिशेब दिवसाच्या बेरजेत चुकीचा ठरतो. एका बैठकीत मात्र मूल थोडेच खाते, कारण त्याचे पोट लहान असते. गरज मोठी आणि बैठक लहान, म्हणून मुलाला वारंवार खावे लागते. घरात हे आपोआप घडते. जेवणानंतर तासाभराने मूल केळे मागते, मग लाडू, मग पुन्हा पोळीचा तुकडा. पॅकेज हे सगळे एका ताटात दाबून बसवते आणि मग ताटात अन्न उरले म्हणून मुलाला रागावले जाते.

याला वयाची एक बारीक बाजूही आहे. बार्बरा रोल्स, लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या दिवशी मुलांना एकाच पदार्थाचे लहान, मध्यम आणि मोठे वाढप दिले. तीन वर्षांच्या मुलांनी वाढप कितीही असले तरी साधारण तेवढेच खाल्ले. पाच वर्षांच्या मुलांनी मोठ्या वाढपात जास्त खाल्ले. तीन वर्षांचे मूल पोटाचे ऐकते आणि पाच वर्षांचे मूल ताटाकडे पाहायला शिकलेले असते. या दोन वर्षांत मुलाला हे कोण शिकवते, याचे एक उत्तर आग्रह करणाऱ्या मोठ्या माणसांत सापडेल. आगाऊ भरलेले जेवण हा त्या आग्रहाचा पक्का आधार होतो. ‘पैसे भरलेत, संपव’ हे वाक्य कोणत्याही उद्यानाच्या जेवणघरात दुपारी ऐकू येते.

त्या वाक्यामागची मनोरचना अभ्यासली गेली आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे काही प्रेक्षकांना पूर्ण किमतीत आणि काहींना अचानक सवलतीत दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत मोजलेल्यांनी अधिक नाटके पाहिली. सर्वांना मिळालेले तिकीट तेच होते आणि नाटकेही तीच होती, फक्त भरलेला पैसा वेगळा होता. पुढे जॉन गुरविल आणि दिलीप सोमण यांनी 1998 मध्ये दाखवले की पैसे भरून जितका काळ लोटतो तितका त्यांचा दबाव ओसरतो. उद्यानात काळ लोटायला वेळच मिळत नाही. सकाळी फाटकावर मोजलेले पैसे दुपारी एक वाजताही ताजे असतात, आणि त्यांचा सगळा दबाव ताटावर येतो. आई-वडील स्वतः जास्त खाऊन तो दबाव पेलू शकतात. मुलाला तो समजतही नाही. समजते एवढेच की खाणे ही आता शिक्षा झाली आहे.

अन्न टाकू नये हा मराठी घरातला जुना आणि चांगला संस्कार आहे. उद्यानात त्याची गल्लत पैसे वसूल करण्याशी होते. अन्न वाया जाऊ द्यायचे नसेल तर आधी कमी वाढून घ्यावे, लागले तर पुन्हा घ्यावे. वाढलेले सगळे मुलाच्या पोटात ढकलल्याने अन्न वाचत नाही. ते फक्त मुलाच्या पोटात वाया जाते, आणि पुढच्या तासात पाळण्यावर उलटीच्या रूपाने बाहेरही येऊ शकते. प्रवासात आणि फिरत्या पाळण्यात मळमळण्याचा त्रास दोन ते बारा या वयात अधिक असतो, आणि उद्यानात येणारी कितीतरी मुले नेमकी याच वयाची असतात. दुपारचे एकच जड जेवण आणि लगेच गोल फिरणारा पाळणा, ही जोडी योजनेनेच लावून दिलेली असते.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी 1980 च्या दशकात मुलांना खाऊ घालण्याच्या जबाबदारीची वाटणी मांडली. काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवायचे. किती खायचे आणि खायचे की नाही हे मुलाने ठरवायचे. पॅकेजने ही वाटणी दोन्ही बाजूंनी मोडते. मोठ्यांचे तिन्ही निर्णय उद्यान घेते, आणि मुलाचा ‘किती’चा निर्णय मोठे घेतात, कारण बाकी निर्णय हातातून गेल्यावर त्यांच्याकडे तेवढाच उरलेला असतो. म्हणून योजनेची पहिली कसोटी ही: तिने पालकाला ‘काय’ आणि ‘केव्हा’ निवडण्याची किती मोकळीक ठेवली आहे? ती मोकळीक असेल तर पालक मुलाला ‘किती’ची मोकळीक देऊ शकतो.

ताटात काय येते याचाही विचार व्हायला हवा. मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या संचात बर्गर किंवा पिझ्झा, बटाट्याचे तळलेले काप आणि शीतपेय हे त्रिकूट ठरलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली आणि मोकळी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, आणि 5 टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरे. 1700 किलोकॅलरीचे 5 टक्के म्हणजे सुमारे 21 ग्रॅम साखर. 250 मिलिलिटरच्या एका कोला पेल्यात सव्वीसेक ग्रॅम असते. एकाच पेल्याने दिवसाची चांगली मर्यादा ओलांडली जाते, आणि अजून आइस्क्रीम, साखरेचा कापूस आणि परतीच्या बसमधली बिस्किटे शिल्लक असतात. डिस्नेच्या उद्यानांनी 2006 मध्ये मुलांच्या जेवणाबरोबर आपोआप येणारे पेय आणि जोडपदार्थ बदलायचे ठरवले. न मागता दूध, पाणी किंवा फळांचा रस यावा, शीतपेय मागितले तरच मिळावे. बदल लहान वाटतो, पण दमलेला पालक रांगेत उभा असताना जे आपोआप मिळते तेच घेतो, आणि आगाऊ भरलेल्या योजनेत तर आपोआप मिळणारे हेच सर्वस्व असते.

भारतात याबाबत एक विचित्र पोकळी आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2020 मध्ये शाळकरी मुलांच्या आहाराचे विनियम काढले. त्यांनुसार जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. हा नियम शाळेच्या भिंतीशी बांधलेला आहे. सहलीच्या दिवशी तीच मुले, तेच शिक्षक आणि तोच गणवेश बसमध्ये बसून उद्यानात जातात, आणि शाळेनेच गोळा केलेल्या वर्गणीतून तेच पदार्थ त्यांच्या हातात येतात. एरवी ज्या शाळेच्या दाराशी ते विकणे नियमाविरुद्ध ठरते, तीच शाळा त्या दिवशी त्यांची घाऊक ग्राहक होते. सहलीच्या दिवशी शाळा भिंतीत नसते, मुलांबरोबर असते. नियमाचा हेतू मुलांचे रक्षण हा असेल, तर तो मुलांबरोबर बसमध्ये चढायला हवा.

एवढे सांगितल्यावर योजनेच्या बाजूचे सर्वांत वजनदार कारणही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. शाळेच्या सहलीत आगाऊ जेवण म्हणजे समान जेवण. खिशात पैसे देण्याची मुभा असली की वर्गातला फरक दुपारी एक वाजता उघडा पडतो. एक मूल आइस्क्रीमच्या खिडकीवर उभे असते आणि दुसरे मुतारीकडे जाण्याचे निमित्त काढून तिथून सटकते. मीरा-भाईंदरसारख्या शहरात एकाच वर्गात इमारतीतली, चाळीतली, कोळीवाड्यातली आणि कामासाठी दूरवरून आलेल्या कुटुंबांतली मुले असतात. सर्वांच्या हातात एकच कूपन असणे ही मोठी गोष्ट आहे. 15 ऑगस्ट 1995 पासून चालत आलेल्या शालेय पोषण आहाराचे एक मोल हेच आहे की मुले एका पंगतीत बसतात. उद्यानातल्या दिवसातही ती पंगत टिकावी, म्हणून आगाऊ योजना रद्द करा असे म्हणणे चूक ठरेल. सुधारायची आहे ती तिची मोजणी.

जैन, शाकाहारी, मांसाहारी आणि उपवासाच्या जेवणाचा प्रश्नही इथे फार खरा आहे. भाईंदरमध्ये जैन आणि गुजराती वस्ती मोठी आहे, आणि शेजारी उत्तन-डोंगरीकडे कोळी आणि ख्रिस्ती गावे आहेत. कांदा-लसूण न खाणाऱ्या मुलाला पॅकेजमधून केवळ भात आणि पापड उरला, तर त्याने पूर्ण ताटाचे पैसे भरून पाव ताट खाल्ले असे होते. मराठी पर्यटन कंपन्यांना ही गोष्ट फार आधी उमगली. केसरी टूर्स 1984 मध्ये आणि वीणा वर्ल्ड 2013 मध्ये सुरू झाली. सहलीच्या रकमेतच जेवणखाण धरायचे, आणि परक्या मुलुखातही मराठी जिभेला ओळखीचे काही ताटात येईल याची हमी द्यायची, हा या सहलींच्या लोकप्रियतेचा मोठा भाग राहिला आहे. आगाऊ पैसे त्या हमीसाठी दिले जातात. हमीच नसेल तर आगाऊ भरण्याला काही अर्थ राहत नाही.

मुलाचे तिकीट कशावर ठरते हाही योजनेतला कच्चा दुवा आहे. एसटीचे अर्धे तिकीट 5 ते 12 वर्षे या वयावर मिळते. डिस्ने वर्ल्डच्या जेवण-योजनेत 3 ते 9 वर्षांचे मूल ‘मूल’ असते आणि दहाव्या वर्षी ते प्रौढ होते. महाराष्ट्रातल्या उद्यानांत मात्र बहुधा फाटकावर उंची मोजतात. पाळण्यासाठी हे बरोबर आहे, कारण सुरक्षेचा दांडा उंचीवर अवलंबून असतो. पण तीच पट्टी जेवणालाही लावली की उंच पण मिताहारी मुलीला प्रौढाचे ताट आणि ठेंगण्या पण खवय्या मुलाला बालताट मिळते. उंचीवरून भूक मोजण्याला पोषणशास्त्रात कुठेच आधार नाही. प्रवेशाचे तिकीट उंचीवर आणि जेवण निवडीवर, असे दोन वेगळे हिशेब ठेवणे उद्यानाला अवघड नाही.

उरतो डब्याचा प्रश्न. बहुतेक उद्याने बाहेरचे खाद्यपदार्थ आत येऊ देत नाहीत, आणि पॅकेजची सगळी किंमत या बंदीवर उभी असते. बंदी नसती तर अनेक कुटुंबे तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊनच गेली असती, जशी पिढ्यानपिढ्या सहलीला जात आली आहेत. सिनेमागृहांच्या बाबतीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 3 जानेवारी 2023 च्या निकालात न्यायालयाने मालकाला बाहेरचे पदार्थ अडवण्याचा हक्क मान्य केला. त्याच वेळी पिण्याचे पाणी मोफत मिळावे आणि पालकांबरोबर आलेल्या लहान मुलासाठी वाजवी प्रमाणात आणलेले खाणे अडवू नये, ही बाबही तितकीच स्पष्ट झाली. तो निकाल सिनेमागृहांचा होता. पण सिनेमा तीन तासांचा असतो आणि उद्यानातला दिवस आठ-नऊ तासांचा. जे तीन तासांना योग्य ठरले ते नऊ तासांना अधिकच योग्य ठरते. एप्रिल-मेच्या उन्हात पाण्याची गोष्ट तर सर्वांत आधी येते. हॉटेले आणि उपाहारगृहे बाटलीबंद पाण्याला छापील किमतीहून जास्त आकारू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितले होते. म्हणूनच उद्यानात मोफत, थंड, स्वच्छ पाण्याचे नळ असणे आणि ते मुलांच्या उंचीचे असणे याला कोणत्याही पॅकेजपेक्षा जास्त महत्त्व आहे.

पैशांच्या परताव्याबद्दल कायदा फारसा मदतीला येत नाही. एखाद्या उद्यानाचे कार्ड त्याच उद्यानात चालते, बाहेर चालत नाही. अशा बंदिस्त कार्डाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, आणि शिल्लक परत मिळण्याचे नियम उद्यान स्वतः लिहिते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आली खरी, पण आठ वर्षांच्या मुलाच्या न खाल्लेल्या इडलीसाठी कुणी राज्य आयोगाकडे जात नाही. रक्कम माणशी लहान असते आणि एकूण मोठी, म्हणून तक्रार कधीच होत नाही. इथे शाळेचे बळ कामी येते. एकेकटी कुटुंबे करू शकत नाहीत ते दोनशे मुलांची सहल नेणारी शाळा करू शकते: अटी आधी लिहून मागणे.

त्या अटी फार नाहीत. दुपारच्या एका ताटाऐवजी दोन लहान खाणी घेण्याची मुभा असावी, आणि त्यांची वेळ अकरापासून चारपर्यंत मोकळी असावी. न मागता मिळणारे पेय पाणी, ताक किंवा दूध असावे. जैन आणि उपवासाच्या पानाला तेवढ्याच पैशांत तेवढेच भरीव अन्न मिळावे. शेंगदाणे, दूध, अंडी यांची ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी आधी स्वयंपाकघराकडे जावी. गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली ठेवण्याचा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या स्वच्छतेच्या अनुसूचीत आहेच. तो पाळला जातो का हे जेवणाआधी शिक्षकाने पाहावे, कारण दोनशे मुलांचे अन्न एकाच पातेल्यातून येते. आलेल्या मुलांचीच मोजणी व्हावी आणि आजारी पडून न आलेल्या मुलाचा खाडा धरला जावा. आणि प्रत्येक मुलाच्या पिशवीत एक छोटा डबा व पाण्याची बाटली चालेल, हे उद्यानाने लेखी द्यावे.

घरून जाणाऱ्या कुटुंबाने याहून कमी केले तरी पुरते. फाटकावर पैसे मोजले की ते गेले असे धरावे आणि दिवसभर त्यांचा उल्लेख मुलासमोर करू नये. पहिले ताट दोघांत एक घ्यावे, मुलाने थांबवले की थांबावे, आणि जड जेवणानंतर तासभर पाण्याच्या उथळ भागात किंवा सावलीत काढावा. संध्याकाळचे कूपन फाटक बंद होण्याच्या बेताला वापरण्याऐवजी चार वाजताच वापरावे, कारण मुलाला त्या सुमाराला पुन्हा भूक लागते आणि तेव्हा त्याचे मन पाळण्यांवरून थोडे निघालेले असते.

परतीची बस सुटते तेव्हा सगळी कूपने संपलेली असतात. खोपोलीहून खारीपर्यंतच्या रस्त्यावर, ठाण्याच्या आसपासच्या वाहतुकीत, मुले पुन्हा भुकेली होतात. त्या वेळेसाठी पिशवीत दशम्या, केळी आणि पाणी ठेवलेले असावे.